एक दिवसाचे कुलगुरू

विद्यापीठाच्या कारभारात प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना विचारावं की नाही, हा वाद मिटवायला दादरा-नगर हवेलीतल्या आमच्या खडोलीसारखी जागा नाही. इथल्या पोरांपैकी कुणाच्या कॉलेजचं विद्यापीठ सुरतेला, तर कुणाचं थेट घाटावर पुण्याला. आमच्या संघप्रदेशाला विधानसभाही नाही, त्यामुळे आपल्याला न विचारता ठरणाऱ्या गोष्टींचा आम्हाला दांडगा सराव.

गुजरातने निदान आडपडदा ठेवला नाही. २०२३ च्या कायद्याने सुरतेसह ११ विद्यापीठांची सिनेट आणि सिंडिकेट मोडीतच काढली. आता व्यवस्थापन मंडळ. त्यावर शिक्षक असतात, पण निवडून आलेले नव्हे, नेमलेले. प्रचार नाही, पराभव नाही. काही सुचलंच तर स्टाफरूममध्ये चहाबरोबर गिळावं.

महाराष्ट्र पडला पुरोगामी. २०१६ च्या कायद्यात अधिसभा, म्हणजे सिनेट, शाबूत आहे. शिक्षकांचे दहा, पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून द्यायचे. निवडणूक तेवढी घ्यायची राहते! मुंबई विद्यापीठाने पदवीधरांची निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये स्थगित केली. मग २२ सप्टेंबर २०२४ ठरली, ती मतदान दोन दिवसांवर आलं असताना पुन्हा स्थगित. हायकोर्टाने कान धरला तेव्हा २४ तारखेला मतदान झालं आणि दहाच्या दहा जागा ठाकरेंच्या युवासेनेने नेल्या. स्थगितीची घाई कुणाला होती, हे मग विचारावं लागलं नाही.

तिसरा मार्ग आमच्या हवेलीत सापडतो. १९५४ मध्ये पोर्तुगीज गेले आणि १९६१ पर्यंत वरिष्ठ पंचायतीने इथला कारभार हाकला. विलीनीकरणाच्या वेळी नेहरूंच्या सहीशेजारी सही करायला तोलामोलाचा माणूस हवा, म्हणून बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. सही झाली, काम फत्ते.

हेच विद्यापीठांनी करावं. ज्याचं नाव मतदार यादीत येत नाही, अशा तासिका तत्त्वावरच्या एखाद्या प्राध्यापकाला वर्षातून एक दिवस कुलगुरू करावं. शक्यतो रविवारी, म्हणजे फायली कपाटात आणि कपाटाची किल्ली कुलसचिवांच्या घरी. त्याला गाडी द्यावी, हार घालावा, आधीच ठरलेल्या ठरावांवर त्याची सही घ्यावी. कर्मचाऱ्यांना वाटा मिळाला म्हणून मूल्यांकन समितीला दाखवायला फोटोही होतील.

मानधन अर्थातच तासिका तत्त्वावर. बिल तीन प्रतींत द्यावं. मंजुरी नवे कुलगुरू आल्यावर.