कोंबड्याचे कूळ

मराठीत 'गावठी' हे विशेषण माणसाला लावले तर त्याची अब्रू जाते आणि कोंबडीला लावले तर तिचा भाव चढतो; या विसंगतीचा निकाल कोशकारांनी एकदा लावावयास हवा. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ-आगाशीकडील वाड्यांमधून, ही गावठी कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या केळीच्या बुंध्याशी माती उकरीत, माडाखाली किडे टिपीत आणि दिवेलागणीला आपणहून खुराड्यात शिरत आली आहे. तिची जात कोणी विचारली नाही आणि तिने ती सांगितली नाही. प्रस्तुत लेखकाचे मात्र एवढ्यावर भागेना. ज्याच्या स्वतःच्या घराण्याची माहिती पणजोबांपाशी संपते, त्याला वंशावळीची हौस अंमळ जास्तच असते, आणि ती भागविण्याचा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग म्हणून त्याने वाडीत असील आणला.

असील ही भारतीय उपखंडातील जुनी, मूळची झुंजीसाठी राखलेली जात होय. हा शब्द अरबी असून त्याचा अर्थ शुद्ध कुळातला असा आहे, आणि मराठीतील 'अस्सल' हाही त्याच कुळातून आलेला असल्यामुळे 'अस्सल असील' म्हणणे ही द्विरुक्ती ठरते. ती लेखक दिवसातून चार वेळा करतो. उभट छाती, लांब मान, उघड्या मांड्या, वाटाण्याचे दाणे ओळीने बसवावेत तसा बसका तुरा आणि समोरच्याकडे थकबाकी असल्यासारखी नजर, ही त्याची लक्षणे. पूर्ण वाढलेला नर चार-पाच किलो भरतो. प्राण्यांच्या झुंजी लावणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा असल्याने आणि मादी वर्षाकाठी जेमतेम तीन-चार डझन अंडी घालत असल्याने, त्याला पाळण्याचे सांगता येण्याजोगे कारण एकच उरते, ते म्हणजे त्याचे घट्ट, चवदार मांस.

येथे थोडे विषयांतर क्षम्य मानावे, कारण लेखकाकडे आलेल्या एकाही पाहुण्याची यातून सुटका झालेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, हिंदुस्थानात नोकरी केलेले सेनानी सर वॉल्टर गिल्बर्ट यांनी इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात असिलाचा तिकडील झुंजार कोंबड्यांशी संकर केला, असे सांगितले जाते. हवा होता अजिंक्य लढवय्या. निपजला तो लढाईत मंद आणि छातीने भरदार. या अपयशाचे नाव 'कॉर्निश', म्हणजे कॉर्नवॉलचा कोंबडा. पुढे हा कॉर्निश अमेरिकेत गेला, तेथे 1948 साली 'उद्याची कोंबडी' नावाची राष्ट्रीय स्पर्धा भरली, आणि तिच्यात पहिल्या आलेल्या पक्ष्यांत तांबड्या कॉर्निशचे रक्त होते. नंतर पांढऱ्या प्लिमथ रॉक जातीशी त्याचा मेळ घालून आजचा ब्रॉयलर, म्हणजे केवळ मांसासाठी झटपट वाढविलेला पक्षी, घडविण्यात आला. तात्पर्य, वसई स्टेशनबाहेरच्या चिकन सेंटरात जाळीच्या पिंजऱ्यात दाटीने बसलेला तो पांढरा जीव असिलाचा दूरचा पणतू लागतो. हे कुलवृत्त ऐकून पाहुण्यांनी भारावून जावे अशी लेखकाची माफक अपेक्षा असते, प्रत्यक्षात ते घड्याळाकडे बघतात आणि विचारतात, "मग हा कधी कापायचा?"

हा प्रश्न लेखकाला झोंबतो, कारण तो रास्त आहे. असील आणला तेव्हा पहिल्या गटारीलाच रस्सा करण्याचा ठराव झाला होता. परंतु ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो, तर असील त्या वयात निव्वळ टांगा आणि मान असतो. त्याला अंगावर मांस धरावयास सहा-आठ महिने तरी लागतात. पहिली गटारी अशी वजनावर गेली. दुसऱ्या गटारीला मादी खुडूक झालेली होती, म्हणजे अंडी उबविण्यासाठी बैठक मारून बसली होती, आणि ते एकवीस दिवस नर खुराड्याबाहेर पहारा देत असल्याचे लेखकाने पाहुण्यांना सांगून टाकले होते. वस्तुतः तो सावलीला उभा असे.

मधल्या काळात शेजारचे बावखल, म्हणजे पावसाचे पाणी साठवून वाडीच्या विहिरी जिवंत ठेवणारे तळे, बुजवून तेथे इमारत उभी राहिली, आणि तिच्यातील रहिवाशांनी कोंबडा पहाटे साडेतीनला आरवतो अशी लेखी तक्रार केली. कोंबडे झाकून उजाडायचे राहत नाही, हे लेखकाने डालग्याखाली कोंबडा झाकून तीन रात्री स्वतः पडताळले आहे. बावखल गेल्याची तक्रार कोणाकडे करावी, हे मात्र त्याला कोणी सांगितले नाही.

मग मानमोडीची साथ आली. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग. पक्षी मान पिरगाळून गोल फिरत राहतो आणि सकाळी खुराडे शांत असते. तिच्यावर लस आहे, पण ती कुपीतून बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल इतकी येते आणि एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. त्यामुळे सात-आठ पक्षी पाळणारा घरगुती मनुष्य ती आणतच नाही. लेखक वंशशुद्धीवर टिपणे काढीत असताना शेजारच्या मावशी दारोदार फिरून कोंबड्या मोजत होत्या. त्यांची पंधरा गावठी कोंबडी, त्यांच्या अंड्यांचे पैसे तांदळाच्या डब्यात, आणि त्या पैशांचा हिशेब घरात कोणी मागत नाही, हा जुना शिरस्ता. सहा वाड्यांच्या मिळून शंभरावर कोंबड्या झाल्यावर त्यांनी बर्फाच्या थर्मासातून कुपी आणविली आणि ड्रॉपरने एकेकीच्या डोळ्यात थेंब सोडीत आल्या. असिलाला त्यांनी काखेत असे दाबले की त्याची ती थकबाकीदार नजर प्रथमच खाली गेली. "मास्तर, हा खातो किती नि देतो काय?" एवढेच त्यांनी विचारले. उत्तरादाखल लेखकाने कॉर्नवॉलपासून सुरुवात केली, तोवर त्या पुढच्या वाडीत पोहोचल्या होत्या.

यंदाच्या गटारीलाही घरात ब्रॉयलरच शिजला. दुसऱ्या दिवशी ताणकाट्याला टांगून असिलाचे वजन करण्यात आले. ते 4 किलो 300 ग्रॅम भरले, आणि त्याला पुन्हा वाडीत सोडण्यात आले.