ठणठणीत नाकाची शिक्षा

देवानं नाकं वाटताना आमच्या घरात घोळ घातला. ज्याला कुत्रा नको होता त्याचं नाक ठणठणीत, आणि जिला कुत्र्यावाचून करमत नाही तिला कुत्र्याची ॲलर्जी. पहिला मी, दुसरी माझी बायको. हेच उलटं असतं तर प्रकरण आठवड्यात मिटलं असतं. मी चार दणदणीत शिंका दिल्या असत्या, लाल डोळ्यांनी जेवायला बसलो असतो, आणि कुत्र्याची रवानगी मुळशीकडे शेत घेतलेल्या कुणा प्राणिप्रेमी मित्राकडे झाली असती. पण इथे सोसणारीच सोसायला राजी. मग न सोसणाऱ्यांनी तोंड कुठल्या अधिकारानं उघडायचं?

कुत्रा मुलीनं आणला. भर पावसात, सोसायटीच्या पार्किंगमधून, ओढणीत गुंडाळून. तिनं त्याचं नाव मफिन ठेवलं. आईच्या तोंडात ते बसेना. तिनं दुसऱ्याच दिवशी त्याचा मफ्या केला, आणि आता जनावरांच्या डॉक्टरांकडची फाइल सोडली तर सगळीकडे तो मफ्याच आहे. जात अस्सल गावठी. एक कान उभा, एक पडलेला. पुढे मुलगी शिकायला बंगळुरूला गेली. कुत्री आणणारी मुलं शिकायला परगावी जातात आणि कुत्री आईबापांकडे राहतात. या नियमाला मी अजून अपवाद पाहिलेला नाही.

शिंका सुरू झाल्या त्या मफ्या सोफ्यावर चढायला शिकल्यावर. आधी सगळ्यांनी हवेला दोष दिला. पुण्यात ही एक चांगली सोय आहे. मग मेट्रोच्या कामाची धूळ झाली, वरच्या मजल्यावरचं रंगकाम झालं, आईचा ओव्याचा शेक आणि सुंठीचा काढा झाला. बायकोच्या शिंका एकट्यादुकट्या येत नाहीत. त्या ओळीनं येतात, आणि त्यातली शेवटची कोणती हे तिलाही सांगता येत नाही.

आईची अडचण वेगळीच. कुणी बाहेर पडायला आणि शिंक यायला एक गाठ पडली, की माणसानं मागे फिरावं, घोटभर पाणी प्यावं, क्षणभर टेकावं आणि मग निघावं, हा तिचा आयुष्यभराचा शिरस्ता. आता घरात शिंकेवाचून पाच मिनिटं जाईनात. मी चपला घालायचो, आतून शिंक यायची. पाणी पिऊन टेकायचो, उठायचो, की पुन्हा शिंक. ऑफिसला रोज उशीर, आणि तोही पाण्यानं तुडुंब भरलेल्या पोटानं. शेवटी आईनं शास्त्रात दुरुस्ती केली: कुत्र्यामुळे आलेली शिंक शकुनात धरायची नाही. कुठली शिंक कशामुळे आली हे ठरवणार कोण, असं मी विचारलं. "मला कळतं," आई म्हणाली. तिच्या देवघरात दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री. त्या चौघांना रोज फूल वाहणारी बाई पाचव्याच्या विरोधात जाणं शक्यच नव्हतं.

डॉक्टरांनी चाचणी करायला सांगितली. त्याआधी आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात, नाहीतर कातडी खरं बोलत नाही. त्या आठवड्याबद्दल मी काही लिहीत नाही. चाचणी मात्र पाहण्यासारखी होती. हाताच्या आतल्या बाजूला पेनानं आकडे टाकतात, प्रत्येक आकड्याजवळ एकेक थेंब ठेवतात आणि थेंबातून सुईचं टोक जेमतेम टेकवतात. एक थेंब नुसत्या मिठाच्या पाण्याचा, तो गप्प राहिला पाहिजे. एक हिस्टामिनचा, तो फुगलाच पाहिजे. या दोन साक्षीदारांच्या भरवशावर बाकीच्यांची तपासणी. मग पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. बायको ओठ घट्ट मिटून बसली होती, आणि तिच्या हातावर पांढुरक्या गांध्या हळूहळू वर येत होत्या, भोवती लाल कडं. डॉक्टरांनी पारदर्शक पट्टी लावून त्या मोजल्या. तीन मिलिमीटर किंवा त्याहून जास्त भरली, की ॲलर्जी आहे असं धरतात.

कुत्रा भरला. मी मनातल्या मनात फटाका वाजवला. पण त्याच हातावर आणखी दोन गांध्या होत्या. एक गाजरगवताची, म्हणजे आपल्या काँग्रेस गवताची. परदेशातून आलेलं हे गवत भारतात पहिल्यांदा नजरेस पडलं ते पुण्यातच, १९५५ साली. तेव्हा मिरजेचं माहेर असलेल्या बाईला ते बाधावं हे रीतीला धरूनच झालं. दुसरी गांधी गाद्या-उशांतल्या सूक्ष्म किड्यांची. आपल्याच अंगावरून झडलेल्या कातडीवर ते जगतात. आणि ही गांधी कुत्र्याच्या गांधीपेक्षा चांगली ठसठशीत मोठी होती.

बायकोची नोकरी बँकेच्या कर्ज विभागात झाली. कागद हातात असल्याशिवाय बोलायचं नाही आणि असला की थांबायचं नाही, ही तिथली शिकवण. परत येताना रिक्षातच तिनं अहवाल माझ्यापुढे धरला. "गादीचा आकडा मोठा आहे. आधी गादी काढा, मग मफ्याचं बघू." अशा रीतीनं कुत्र्याऐवजी सावरीच्या कापसाची आमची जुनी गादी घराबाहेर गेली.

कुत्रा दुसऱ्या कुणाला देणं हा सर्वांत खात्रीचा उपाय, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर तिनं फाइलच उघडली. कुत्रा गेला तरी त्याची प्रथिनं घरातून लगेच जात नाहीत, गालिच्यांत, पडद्यांत कित्येक महिने रेंगाळतात. शिवाय अमेरिकेत ८३१ घरांतली धूळ तपासली तेव्हा कुत्र्याचं प्रथिन एकूण एक घरांत सापडलं. त्यातल्या कित्येक घरांत कुत्रा नव्हताच, ते माणसांच्या कपड्यांवर बसून आलं होतं. २००४ साली ते छापूनही आलं. "म्हणजे मफ्या गेला तरी मफ्या जाणार नाही," ती म्हणाली. "मग राहू दे ना सगळाच."

दोष केसांचा नसतो, हेही मला तेव्हाच कळलं. प्रथिनं असतात लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचा चुरा हवेत तरंगतो आणि नाकात शिरतो. त्यातलं एक प्रथिन तर नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होतं, आणि काही रुग्णांना तेवढंच बाधतं. अशांचं कुत्र्याशी पटत नाही, पण कुत्रीशी छान जमू शकतं. ही माहिती आईनं मान डोलावत, फार समाधानानं ऐकली.

न्यू जर्सीच्या भाच्याचा फोन आला. "मामा, तुम्ही हायपोॲलर्जेनिक ब्रीड घ्यायला हवी होती. ओबामांनी नाही का घेतली?" घेतली खरी. त्यांच्या थोरल्या मुलीला ॲलर्जी, म्हणून २००९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बो नावाचा पोर्तुगीज वॉटर डॉग आला. आमचा पार्किंगमध्ये भिजत होता, त्याला वंशावळ विचारायला सवड झाली नाही. पण भाच्याला हे ठाऊक नव्हतं की २०११ साली अमेरिकेतच संशोधकांनी अशा खास जातींची घरं आणि साध्या कुत्र्यांची घरं ताडून पाहिली, आणि धुळीतल्या प्रथिनात फरक काही सापडला नाही. त्यानं आपल्या कुत्र्याची किंमत डॉलरमध्ये मोजलेली आहे, म्हणून मी बोललो नाही.

लॅब्राडूडल या जातीचं प्रस्थ तर ॲलर्जीवाल्या एका नवऱ्यापायीच वाढलं. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईला वाट दाखवणारा कुत्रा हवा होता, आणि नवऱ्याला कुत्र्याची ॲलर्जी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला, पिल्लांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली, आणि तीन पिल्लांपैकी एकच त्या नवऱ्याला मानवलं. पुढे या जातीचं जे पेव फुटलं ते पाहून कॉनरन यांनी आपल्याला पश्चात्ताप होतो असं जाहीर सांगून टाकलं. मला मात्र त्या नवऱ्याचा हेवा वाटतो. त्याच्या नाकाला विचारून कुत्रा ठरला. निरोगी नाकाला कोण विचारतो?

विचारत नाही, फक्त कामाला लावतो. डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं: कुत्रा झोपायच्या खोलीत नको. फरशी झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. आठवड्यातून दोनदा कुत्र्याला आंघोळ, कारण आंघोळीनं उतरलेली प्रथिनं तीन-चार दिवसांत पुन्हा जमतात. केस रोज विंचरायचे, घराबाहेर, आणि ते रुग्णानं नव्हे. या शेवटच्या चार शब्दांत माझी नेमणूक झाली. कुत्र्यावर प्रेम करण्याचं खातं तिच्याकडे, कुत्र्याचं खातं माझ्याकडे.

आंघोळीचा दिवस मफ्याला कॅलेंडर न बघता कळतो. मी बादलीला हात लावला की तो आईच्या पलंगाखाली भिंतीला चिकटून आडवा होतो आणि स्वतःचं वजन दुप्पट करतो. पाणी कोमट लागतं, मगानं मानेपासून मागे ओतलेलं चालतं, तोंडावर नाही. फेस केल्यावर जरा वेळ तसंच थांबायचं असतं. तेवढा वेळ आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही. मग पाणी ओतलं की नाकाच्या शेंड्यावर एक थरथर सुरू होते, ती कानांत जाते, पाठीतून सरकत शेपटीच्या टोकाला पोचते, आणि बाथरूमचं छतसुद्धा भिजतं. दाराबाहेरून बायको विचारते, "कानात पाणी नाही ना गेलं?" कुणाच्या, हे ती सांगत नाही. सांगायची गरजही नसते.

एवढं करून जनावरांचे डॉक्टर माझ्यावरच उखडले. इतक्या आंघोळी घातल्यात तर कातडी कोरडी पडेल, म्हणाले, आणि कोंडा वाढेल. कोंडा वाढला की शिंका वाढणार. माणसांचे डॉक्टर एका बाजूला, कुत्र्यांचे दुसऱ्या बाजूला, मध्ये मग घेऊन मी. त्यातच मफ्या पंजे चाटून चाटून लाल करायला लागला, रात्रभर पोट खाजवायला लागला. तपासलं. ॲलर्जी. बहुधा धुळीतल्या किड्यांची, डॉक्टर म्हणाले, कुत्र्यांत नेहमी आढळते. बायकोला पत्रिका जुळल्याचा आनंद झाला.

आता आमच्या फ्रिजवर सेटिरिझिनच्या दोन पट्ट्या असतात, एक तिची, एक त्याची. त्याचा डोस डॉक्टरांनी वजनावरून काढून दिला आहे, आणि सर्दीची दुसरी औषधं मिसळलेली गोळी चुकूनही द्यायची नाही असं बजावलं आहे. तिची गोळी पाण्याबरोबर जाते. त्याची पोळीच्या तुकड्यात, वर तूप लावून. मी तुपाबद्दल काही बोललो की आई नामदेवांचं नाव काढते, कुत्र्यानं पोळी पळवली तर ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले होते. संतांचा दाखला निघाल्यावर कोलेस्टेरॉलचं काय चालणार? दुपारी गोळीनं दोघांनाही पेंग येते. ती पलंगावर, तो खोलीच्या उंबऱ्याबाहेर. धड हॉलमध्ये आणि नाक बरोबर उंबऱ्यावर. पथ्य त्याच्या अंगाबद्दल आहे, बोलण्याबद्दल नाही, असा बायकोनं त्याचा अर्थ लावला आहे, त्यामुळे त्यांच्या गप्पा रात्री बत्ती मालवल्यावरही चालतात. मी मध्ये झोपतो.

अलीकडे डॉक्टरांनी थेंबांच्या उपचाराचं सुचवलं. ज्याची ॲलर्जी आहे तेच कणाकणानं द्यायचं, मात्रा वाढवत न्यायची, की शरीर त्याला सरावतं. लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागकणांवर हे इंजेक्शनानं करून पाहिलं, तेव्हापासून ही वाट चालू आहे. किड्यांच्या ॲलर्जीवर याचा गुण चांगला येतो, कुत्र्याच्या बाबतीत तेवढी खात्री देत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. आणि उपचार तीन ते पाच वर्षं घ्यायचा.

मी तिथेच बसून हिशेब केला. मफ्या आता तरुण राहिलेला नाही, तोंडाभोवती पांढरं दिसायला लागलंय. जमेल तितक्या हळुवारपणे म्हणालो, "डॉक्टर, औषध लागू पडेपर्यंत कुत्राच राहिला नाही, तर एवढा खर्च वायाच की."

"वाया कसा जाईल?" बायको पर्समधून कार्ड काढत म्हणाली. "पुढच्याच्या वेळी उपयोगी पडेल."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "विंचरायचं तुम्हीच करता ना? चालू ठेवा."