लौकीचे ठोके

चंद्रपुरात पहाटे पाचच्या अंधारात काही हिरवं चमकलं, की पूर्वी माणूस जागीच थिजायचा. आता घाबरायचं कारण नाही. ते बहुतेक रामाळा तलावाकडे निघालेल्या एखाद्या भाऊजींचं मनगट असतं.

भाऊजी तुम्हाला ठाऊक आहेत. प्रत्येक वॉर्डात एक असतात. ठेकेदारी, दोन गाड्या, थोडी शुगर, आणि पुण्याच्या मुलाने पाठवलेलं घड्याळ. वेळ पाहायला भाऊजी खिशातून फोन काढतात. घड्याळ फक्त ठोके पाहायला. भेटल्यावर ‘काय म्हणता’ असं विचारावं, तर ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतात.

आधी ठोके मोजायचे तर छातीला पट्टा बांधावा लागे. तो हृदयातल्या विजेची हालचाल थेट टिपायचा. पण मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत, जिथे बनियनही नकोसं होतं तिथे छातीला पट्टा कोण आवळणार? म्हणून हे बिनपट्ट्याचं घड्याळ. त्याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं आणि प्रकाश कमी परततो. ठोका ओसरला की जास्त परततो. हा चढउतार मोजून घड्याळ हृदयाचा अंदाज बांधतं. राजधानीत काय शिजतंय ते चामोर्शीच्या बसस्टँडवर उभं राहून ओळखावं, तसं.

अंदाज कधीकधी चुकतो. हात जोरात झुलले की घड्याळ पावलांनाच ठोके समजतं, आणि भाऊजींचं हृदय चालतंय की चप्पल, हे कळेनासं होतं. उन्हाचं आणखी वेगळं. अंग तापलं की ते निववायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं, ठोके आपोआप वाढतात. त्यामुळे चंद्रपूरचा माणूस मे महिन्यात नुसता ओट्यावर पेपर घेऊन बसला, तरी त्याचं हृदय खेळाडूसारखं पळत असतं. बाकी हिशोब 220 वजा वयाचा. अठ्ठावन्न वर्षांच्या भाऊजींना 162 च्या वर जायचं नाही. आणि पावलं दहा हजार. हा आकडा कुणा ऋषीने किंवा डॉक्टरने दिलेला नाही. 1965 साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. तेव्हापासून जग चालतंय. पावलं भरली की घड्याळावर फटाके फुटतात, मनगट थरथरतं, शाबासकी मिळते. ज्यांच्या रस्त्यावरची खडी पहिल्या पावसात वाहून जाते, त्यांना चालल्याबद्दल रोज शाबासकी! पण ते असू द्या. मला बोलायचंय हिरव्या दिव्याबद्दल.

परवा गोल बाजारात एक म्हातारी मोहफुलं आणि चारोळी घेऊन बसली होती. मूलच्या पलीकडून आलेली. दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण, वयाबरोबर निळंहिरवं झालेलं. भाऊजी भाव करता करता उदार झाले. म्हणाले, माय, थांब, तुह्या काळजाचे ठोके पाहून देतो. घड्याळ काढून तिच्या मनगटाला बांधलं. हिरवा दिवा लागला. लुकलुकला. विझला. पडद्यावर सूचना आली: घड्याळ मनगटावर घाला.

भाऊजींनी पट्टा आवळला. पुन्हा तेच. थुंकी लावून मनगट पुसलं. पुन्हा तेच. दुसऱ्या हाताला बांधलं. पुन्हा तेच. यात घड्याळाची चूक नाही, त्याच्या माहितीपत्रकातच बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. गोंदणाची शाई प्रकाश गिळते, परत काही येत नाही, आणि परत काही आलं नाही की घड्याळ समजतं, समोर मनगटच नाही. म्हातारी मात्र शांत. ती म्हणाली, ‘नाडी पाहाची असंन तं हात धर ना बापू, बॅटरी काहाले दाखवतं?’

भाऊजींना हे पटलं नाही. घरी येऊन त्यांनी घड्याळ बिघडल्याचं जाहीर केलं. नातवाने ते तपासायला घेतलं आणि हाताशी होती ती लौकी उचलून तिला बांधलं. लौकीचे ठोके बहात्तर. मंद, नियमित, भाऊजींपेक्षा चांगले. यातही चमत्कार नाही. दिवा प्रकाश टाकतो, समोरून जे परततं त्यातली थरथर मोजतो, आणि आकडा दिल्याशिवाय कित्येक घड्याळांना राहवत नाही. भाऊजींच्या घरी तेवढ्यावर घड्याळ चांगलं ठरलं. लौकीला नाडी आहे, म्हातारीला नाही, एवढाच निष्कर्ष निघाला आणि सगळे जेवायला बसले.

मी हसलो, आणि मग हसू गेलं. कारण ही पहिली वेळ नाही. याआधी रेशन दुकानातल्या यंत्राने अशाच बायांची बोटं नाकारली आहेत. बांबू तासून, रोवणी करून, पानं तोडून ठसेच झिजले, तर यंत्र म्हणतं बोट जुळत नाही, आणि दुकानदार म्हणतो उद्या या. म्हणजे काम केल्याने बोट जातं आणि गोंदण केल्याने मनगट जातं. यंत्राला दिसायचं तर माणसाने आयुष्यभर काही करू नये आणि अंगावर काही मिरवू नये. तेंदूच्या हंगामात एटापल्ली, धानोरा, कोरचीकडची माणसं उजाडायच्या आधी जंगलात शिरतात. एकेका पानासाठी वाकतात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि सांजच्याला संकलनाच्या फळीवर नेऊन ओततात. त्यांची पावलं कोणी मोजत नाही. मोजतात ती पानं. कोणाच्या मनगटावर फटाके फुटत नाहीत. आणि वाघ दिसल्यावर ठोके किती होतात हा विनोद मी इथे करणार नाही. तो तलावाकाठच्या बाकांवर रोज होतो. सिंदेवाही, ब्रह्मपुरी, मूल, सावलीत दर उन्हाळ्यात मोहफुलाला, तेंदूला गेलेलं कोणीतरी परत येत नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी वजन उतरवायला गेलेलं नसतं. ज्या हिमोग्लोबिनच्या भरवशावर हा दिवा चालतो, तेच चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत कित्येकांच्या अंगात बिघडलेलं आहे. रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, पोरं शाळेऐवजी दवाखान्यात वाढतात. सिकलसेल हा शब्द इथे अंगणवाडीतही माहीत आहे. त्यावर घड्याळ काही बोलत नाही. भाऊजींचे चौऱ्याऐंशी ठोके पापणी लवायच्या आत पुण्याला पोहोचतात. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तुटतं, आणि त्या भागात आजही अडलेली बाई खाटेची कावड करून, नाला ओलांडून, चार माणसांच्या खांद्यावरून दवाखान्यात जाते. त्या चौघांचे ठोके किती, ते कुठल्या उपग्रहाला कळवायचे, कुणी सांगेल का?

सांगणार नाही. उलट उद्या शासन खूश होऊन हीच घड्याळं वाटेल. मजुरांची हजेरी फोटोवर होतेच आहे, पुढे नाडीवर होईल. ठोका लागला तर हजर, नाही लागला तर खाडा. त्यासाठी कार्यशाळा होईल, वातानुकूलित सभागृहात. दर तासाला सगळ्या साहेबांची मनगटं थरथरतील, ‘फार वेळ बसलात’ म्हणून सगळे एकदम उठतील, दोन मिनिटं उभे राहतील आणि पुन्हा बसतील. लोकांना वाटेल श्रद्धांजली आहे.

आणि मग हयातीचा दाखला. तो तर येणारच. निराधारचं अनुदान घेणाऱ्या म्हातारीला दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. साहेबांसमोर उभं राहून ‘आहो’ म्हणणं हा पुरावा धरत नाहीत, कारण तसं कोणीही म्हणेल. बोट लागत नाही. आता मनगटही लागणार नाही. बाबू पडद्याकडे पाहून सांगेल, आजी, तुम्ही दिसत नाही. ती म्हणेल, समोर तं बसली आहो. बाबू म्हणेल, ते मला दिसतंय, सिस्टीमला दिसत नाही.

तर गोल बाजारातल्या माय, एक ऐक. गोंदण खरवडू नकोस. दागिने इथेच राहतात, तेवढंच सोबत येतं, असं तुमच्यातच म्हणतात ना. हुज्जतही घालू नकोस, गाडी चुकेल. दाखल्याला जाशील तेव्हा मोहफुलाच्या टोपलीत एक ताजी लौकी टाकून ने. बाबूने घड्याळ पुढे केलं की ती टेबलावर ठेव. बहात्तर लागतील. दाखला तिच्या नावाने घे, अनुदान उचल, आणि संध्याकाळी तिची भाजी कर.