हेडफोनचं ठाण

आमचे हैदराबादच्या मलकपेठचे साडू तुम्ही पाहिले नसतील, पण ओळखता नक्की. पेन मागितलं तर देतात आणि टोपण हातात धरून, पेन परत येईपर्यंत समोर उभे राहतात, त्या जातीचे. पेनापुरतं असतं तर चाललं असतं. साडूंचा जीव हेडफोनवर आहे. ऐकण्यावर नव्हे, ठेवण्यावर.

त्यांच्या टेबलाखाली उजव्या हाताला, कडेपासून चार बोटं आत, एक हूक आहे. कोटीच्या गुजराती गल्लीतून तो आणला तेव्हा मी सोबत होतो, हा माझ्या पत्रिकेतला दोष. पहिला हूक बारीक निघाला. "नक्को. बारीक हुकानं वरच्या गादीला खळगा पडतो." दुसरा रुंद, पण गुळगुळीत, हेडफोन घसरणार. तिसरा सर्वगुणसंपन्न, पण स्क्रूचा. टेबल सासऱ्यांनी दिलेलं, म्हणजे आमच्या दोघांच्याही सासऱ्यांनी (मला खुर्ची मिळाली, तिचा एक पाय आखूड आहे). त्याला भोक पाडायचं म्हणजे पाप. शेवटी क्लॅम्पनं आवळायचा, रबर लावलेला हूक मिळाला. तोवर दुकानदार जेवून आला होता.

त्या दिवसापासून त्या घरात एकच मंत्र: "जागेवर ठेवा." मी हेडफोन काढून दोन मिनिटं टेबलावर ठेवला की, "भाऊसाहेब, जागेवर." गादीवर घाम राहिला तर नकली चामड्याचे पोपडे निघतात, म्हणून आधी पुसायचा. एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं, म्हणून पडद्याला सेफ्टीपिन. वायर गुंडाळायची तर एक वेढा सुलटा, एक उलटा, नाटकाचे साउंडवाले गुंडाळतात तशी. मी नुसती मुठीभोवती गुंडाळली, तर सॅन डिएगोचं उदाहरण निघालं. तिथल्या विद्यापीठात रेमर आणि स्मिथ या दोघांनी डब्यात दोरी टाकून डबा फिरवला, एकदा नव्हे, ३,४१५ वेळा. दोरी काही सेकंदांत आपली आपण गाठ मारून घेते, असं २००७ साली छापलं. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, जे हसवण्यासाठी देतात. साडू हसले नाहीत. ४६ सेंटिमीटरच्या आतल्या दोरीला गाठ पडली नाही, एवढंच त्यांनी त्यातून उचललं. आता त्यांच्या वायरीचा एकही मोकळा भाग तेवढा लांब सापडणार नाही. पट्टी घेऊन जा हवं तर.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, एवढं तर कोणी घोड्याचं करत नाही." चूक झाली. रेसकोर्स त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. "करतात ना! १८८६ला निजाम महबूब अली पाशांनी शर्यती इथं मलकपेठेत आणल्या. तेव्हापासून घोड्याला ठाण आहे. दौडून आला, पुसला, जागेवर बांधला. हौ का नाही?"

हौ.

मग त्यांच्या कंपनीनं सगळ्यांना घरून परत बोलावलं, आणि बोलावून झाल्यावर सांगितलं की आता कोणाचंच टेबल ठरलेलं नाही. सकाळी मोबाइलवर खुर्ची बुक करा, संध्याकाळी टेबल रिकामं करा, स्वतःचं काही मागे ठेवू नका. साडूंची तिथं अठरा वर्षं झालेली. कुलपाचा ड्रॉवर होता, नावाची पाटी होती. पाटी त्यांनी पुसून घरच्या कपाटात ठेवली. तेवढं एकदाच "जागेवर" म्हणाले नाहीत, असं मेहुणीनं बायकोला सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून हूक पिशवीत. मलकपेठ स्टेशनवर पिशवी मशीनमधून गेली की शिपाई थांबवतो. "ये क्या है?" "हूक." "किसका?" "हेडफोन का." तो पडद्याकडे, मग साडूंकडे बघतो आणि सोडून देतो. अमीरपेठला गाडी बदलून रायदुर्ग. तिथं मिळेल त्या टेबलाला हूक आवळायचा. कडेची जाडी रोज वेगळी, म्हणून पिशवीत पुठ्ठ्याचे तुकडेही असतात. संध्याकाळी पुन्हा सोडवायचा. मी विचारलं, कंटाळा येत नाही? "येतो. पण दिवसभर तरी एका जागेवर राहतो ना, भाऊसाहेब." हुकाबद्दलच म्हणाले असावेत. मी प्रथमच माझा हेडफोन न सांगता पुसून लटकवला, आणि ते पाहिल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

गेल्या आठवड्यात ऑफिसचा मेल आला: टेबलांना क्लॅम्प लावू नयेत, फर्निचर खराब होतं. माझाच जळफळाट झाला. साडू शांत. मेल त्यांनी दोनदा वाचला. "क्लॅम्प लिहिलंय. चुंबक लिहिलेलं नाही. आणि तिथल्या टेबलांचे पाय लोखंडी आहेत."

चुंबकाचा हूक किती वजन धरतो याची चाचणी सध्या घरच्या लोखंडी कपाटावर चालू आहे. त्यावर हेडफोन माझा लटकतो आहे. त्यांचा कसा लावणार? पडला म्हणजे?