चौक फाट्यावर एक बोहारीण नेमा

शनिवार उजाडला की मुंबईचे कर्ण कर्जतच्या रस्त्याला लागतात. वाटेत वडापाव, फार्महाऊसवर डुलकी आणि मध्येच एखादी ठाकरवाडी गाठून वस्त्रदान. डिकीत गाठोडी इतकी, की ती उतरवल्याशिवाय बार्बेक्यूची शेगडी निघत नाही. पुण्याची घाई असते ती त्यामुळे.

माल एकेक पाहण्याजोगा! मोती गळालेली शेरवानी, मनालीपुरतं घेतलेलं थर्मल, कमरेत आखडलेला थ्री-पीस. गुडघ्यावर मुद्दाम फाडलेली जीन्स निघाली, की वाडीतली म्हातारी त्या भोकातून हात घालून बघते आणि नातीला सुईदोरा आणायला धाडते. साऱ्या व्यवहारात शिवायचं सुचलं ते तिला एकटीला.

कातकरीवाडीची तऱ्हा आणखी वेगळी. दिवाळीच्या साफसफाईचा माल वाडीवर पोचतो, तोवर निम्मी घरं कडी लावून वीटभट्टीवर गेलेली असतात. मग गाठोडं समाजमंदिराच्या ओट्यावर पडतं, तिथून वहाळात. सुती लुगडं निदान मातीत मुरतं. पॉलिएस्टर नातवंडांनाही बघायला मिळेल. पेटवावं तर वितळून ठिबकतं.

एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा जाणकारांचा हिशेब आहे. म्हणजे चार टी-शर्टांत दहा हजार लिटरचा टँकर संपून वर उरतं. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकरची वाट बघतात. त्यांच्या दारात आपण चार टी-शर्ट ठेवून येतो, तेही 'मॅरेथॉन फिनिशर' लिहिलेले. वाडीला नेमकं काय हवंय, हे कुणी विचारत नाही. उत्तर ताडपत्री आलं तर ती डिकीत कुठे असते?

तेव्हा शासनाला नम्र सूचना. खालापूरला गाड्यांचा टोल घेतात, तसा चौक फाट्याला गाठोड्यांचा नाका काढा आणि तिथे बोहारीण बसवा. तिच्याएवढी कपड्याची पारख विद्यापीठातही मिळायची नाही. साडी उजेडापुढे धरणार, काठ दोन्ही हातांनी ताणणार, निऱ्यांची घडी उलगडून विरलेली जागा बरोब्बर शोधणार. "वहिनी, यावर चमचाबी सुटायचा नाय," म्हणाली की संपलं, गाडी मागे वळवा. घरी जाऊन कॉलर उलटवून घ्या, साड्यांची गोधडी शिवून घ्या, बनियनने फरशी पुसा. आणि दुकानात चौथा टी-शर्ट उचलताना ती बाई आठवा. पातेल्यासाठी पाच साड्या मोजून घ्यायची तेव्हा कपड्याला किंमत होती. फुकट वाटायची सोय झाली आणि कपाटं फुगली.

दानशूरांची अडचण एकच, फोटोचं काय? फोटो बोहारणीबरोबर काढा. ती नाही म्हणणार नाही. फक्त एक साडी वाढवून मागेल, आणि ती धड लागेल.