पेट्रोल न देणारे तारे

‘एलिट डेंजरस’ या संगणकावरच्या खेळात आपली अख्खी आकाशगंगा आहे. अख्खी म्हणजे खरोखरच अख्खी, सुमारे ४०० अब्ज तारामंडलं, खऱ्याखुऱ्या अंतरांसकट. एक लहानसं यान हाती मिळतं आणि पुढे काय करायचं ते कोणी सांगत नाही. कोणी व्यापार करतं, कोणी चाचेगिरी. काही रिकामटेकडे नुसते तारे बघत हिंडतात. मी त्यांतला. तेही साधेसुधे तारे नाहीत, श्वेतबटू, न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरं. म्हणजे आयुष्य संपल्यावर ज्यांचा दरारा वाढला, अशी मंडळी.

या बड्या मंडळींची खरी ओळख पेट्रोलवरून पटते. यानाला ‘फ्यूएल स्कूप’ बसवलेला असला की ताऱ्याच्या कडेकडेने उडत त्याचा हायड्रोजन ओढून टाकी भरता येते. पण ही सोय ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम या सात वर्गांतल्या ताऱ्यांकडेच. खेळाडू हे ‘केजीबी फोम’ असं पाठ करतात. रशियन हेर आणि गादी यांचा मेळ कसा बसतो ते विचारू नये. श्वेतबटू, न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर या तिघांकडे मात्र थेंब मिळत नाही. हजारो प्रकाशवर्षं तुडवून त्यांच्या दारात जावं, डोळे भरून पाहावं आणि पाहता पाहता इंधनाच्या काट्याकडेही पाहावं. टाकी भरून देतो तो शेजारचा मिणमिणता लाल बटू, ज्याचा फोटो काढायचं कोणाच्या मनात येत नाही. आकाशगंगेत सगळ्यांत जास्त तारे याच जातीचे आहेत, ही व्यवस्था फार समजुतीने केलेली दिसते.

तरीही लोक अडकतातच. त्यांच्यासाठी ‘फ्यूएल रॅट्स’ नावाची खेळाडूंचीच स्वयंसेवी फौज २०१५ पासून उभी आहे. कुठल्या कुठे येऊन इंधन देतात, मोबदला घेत नाहीत. आपल्याकडे हायवेवर मदतीला थांबणारा भला माणूससुद्धा आधी ‘निघताना काटा नाही का बघितला?’ असं विचारल्याशिवाय डिकी उघडत नाही.

न्यूट्रॉन तारा पेट्रोल देत नाही, पण अगदीच रिकाम्या हाताने पाठवत नाही. सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास जेमतेम चर्चगेटहून अंधेरीला जाण्याइतका. दोन्ही ध्रुवांतून निघालेले झोत घेऊन तो गरगरत असतो. त्या झोतात यान घातलं की इंजिनात असं काही भरतं, की पुढची उडी चौपट लांब पडते. मात्र आत असेपर्यंत यान पाचोळ्यासारखं भिरभिरतं आणि इंजिन थोडं झिजतं ते झिजतंच. श्वेतबटूही हा प्रसाद देतो, पण दीडपटच. धोका मात्र पुरेपूर. त्याला मी आता लांबूनच नमस्कार करतो.

खरं तर श्वेतबटूशी आपलं नातं जुनं. १९३० च्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने केंब्रिजला निघाले, आणि श्वेतबटूच्या वजनाला एक मर्यादा असते हे गणित त्यांनी वाटेत बोटीवरच मांडलं. त्या मर्यादेपलीकडे काय, याच प्रश्नातून पुढे न्यूट्रॉन ताऱ्याची आणि विवराची वाट निघते. १९६७ मध्ये जोसलिन बेल यांना पहिला स्पंदक, म्हणजे फिरता न्यूट्रॉन तारा, सापडला तोही केंब्रिजलाच. मूळचा ‘एलिट’ हा खेळ १९८४ मध्ये डेव्हिड ब्रेबेन आणि इयान बेल या दोन विद्यार्थ्यांनी लिहिला, तोही तिथेच. ३२ किलोबाइट स्मृतीच्या संगणकात त्यांनी आठ आकाशगंगा बसवल्या होत्या. आपले जयंत नारळीकरही केंब्रिजचेच, आणि १९७४ मध्ये टोपणनावाने स्पर्धेला पाठवलेल्या त्यांच्या विज्ञानकथेचं नाव होतं ‘कृष्णविवर’. त्या गावच्या पाण्यातच काही असावं. स्पंदकांचे खरे ठोके ऐकायला मात्र इतकं लांब जायला नको. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या तेच काम करतात.

विवराचं प्रकरण वेगळं. आकाशगंगेच्या मध्याशी असलेल्या सॅजिटेरियस ए-स्टारपर्यंत मी एकदाचा पोहोचलो. सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांचा प्रवास, चाळीस लाख सूर्यांचं वस्तुमान. २०२२ मध्ये त्याचं पहिलं खरं छायाचित्र आलं त्यात तेजाचं कडं आहे. खेळातल्या विवराला तेही नाही. तिथे फक्त काळोख, आणि त्याच्या कडेने वाकून, ताणून गेलेलं मागचं आकाश. मी आईला हौसेने दाखवलं.

‘‘तिथे उतरता येतं का रे?’’

‘‘नाही.’’

‘‘आत जाता येतं?’’

‘‘नाही. फार जवळ गेलं की यान आपोआप थांबतं.’’

‘‘मग गेलास कशाला?’’

यावर मी पडदा फिरवून विवरामागचे तारे कसे सरकतात ते दाखवलं. आईने दोन मिनिटं पाहिलं आणि ‘‘हे मात्र छान आहे’’ म्हणाली. पन्नाशीच्या मुलाला आईकडून याहून मोठी पावती मिळत नाही.

नवा तारा पहिल्यांदा आपण पाहिला, तर त्याच्यावर शोधक म्हणून आपलं नाव लागतं. पण त्यासाठी परत माणसांत येऊन युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्सच्या खिडकीवर माहिती जमा करावी लागते. वाटेत यान फुटलं तर सगळा शोध गेला. आकाशगंगेच्या टोकापर्यंत जाऊन आलो तरी नोंद कचेरीतच व्हायची, इथे मला फार घरच्यासारखं वाटतं.

तुम्हीही निघणार असाल तर स्कूप आधी बसवा. आणि अल्फा सेंटॉरीतल्या हटन ऑर्बिटल स्थानकावर ‘अॅनाकोंडा’ हे महागडं यान फुकट मिळतं, असं कोणी जुना खेळाडू सांगेल. साध्या इंजिनाने तिथे पोहोचायला तासाहून जास्त सरळ रेषेत उडावं लागतं. अॅनाकोंडा फुकट मिळत नाही. चहाचा मग मात्र विकत मिळतो.