दिव्याखाली ब्रेक

नगर जिल्ह्यात लोक येतात ते शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला, शिंगणापूरला शनीला तेल वाहायला, नाहीतर वळवाच्या तोंडावर भंडारदऱ्याला काजवे बघायला. पंचवीस वर्षांची स्पोर्ट्स कार घेऊन, तिच्या ब्रेकचा दिवा का लागतो हे शोधायला इकडे कुणी येत नाही. यायला हवं, असं प्रस्तुत लेखकाचं म्हणणं आहे. अशी गाडी धड नवी नसते आणि धड जुनीही नसते. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ‘विंटेज’ म्हणून मिरवायला पन्नास वर्षं पुरी व्हावी लागतात. तोवर पंधराव्या वर्षानंतर आरटीओच्या रांगेत टेम्पो नि जीपगाड्यांच्या मागे उभं राहून फेरनोंदणी करायची. सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारी ३६० मोडेनाच्या सीमाशुल्कावरून २००३ मध्ये केवढा गदारोळ झाला; आज ती गाडीही याच अधल्यामधल्या वयात आहे. गोव्यात तयार झालेली, फायबरच्या बॉडीची, रेनोचं इंजिन घातलेली दोन सीटांची सॅन स्टॉर्म तर आता बनतच नाही. अशा गाडीच्या डॅशबोर्डवर वर्तुळातलं उद्गारचिन्ह लाल होऊन पेटलं की मालकांचे दोन पंथ होतात. एक म्हणतो, सेन्सर गेला असेल, जुनी गाडी, चालायचंच. दुसरा जागच्या जागी हात टेकतो आणि टोइंगवाल्याला फोन लावतो. दोघंही दिव्याकडून फक्त ‘हो’ की ‘नाही’ एवढंच ऐकायला तयार असतात. दिवा कधी लागतो, कुठे लागतो आणि कशाने विझतो हे पाहिलं तर तो बरंच काही सांगतो. आणि त्याला बोलतं करायला सुप्यापासून करंजी घाटापर्यंतच्या पट्ट्यासारखा रस्ता दुसरीकडे नाही. सपाटी, गतिरोधक, उसाच्या ट्रॉल्या आणि शेवटी उतार, असा सगळा अभ्यासक्रम इथे ओळीने लावून ठेवला आहे.

शिरूरला घोडनदी ओलांडली की जिल्हा लागतो, पण पहिली परीक्षा त्याच्याही अलीकडे, चहा पिऊन पुन्हा किल्ली फिरवताना होते. किल्ली फिरवताच हा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन सुरू होऊन हँडब्रेक खाली गेल्यावर विझला पाहिजे. लागतच नाही त्या दिव्याइतका संशयास्पद दिवा नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात बल्ब काढून खिशात घालणं ही ब्रेकची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती समजली जाते, आणि त्याखालोखाल काळी चिकटपट्टी. दिवा लागून राहिला तर मात्र लगेच मास्टर सिलिंडरच्या नावाने खडे फोडू नयेत, कारण या एका दिव्याला तीन-चार ठिकाणांहून वायर येते: हँडब्रेकच्या दांड्याखालचा स्विच, ब्रेक ऑइलच्या डबीतला स्विच, काही गाड्यांत पॅडमध्ये बसवलेली झिजेची तार, आणि साठ-सत्तरच्या दशकातल्या गाड्यांत दोन सर्किटांच्या दाबात फरक पडला की सरकणारा छोटा दट्ट्या. हा दट्ट्या इतका मानी की दुरुस्ती झाल्यावरही मधोमध आणून बसवल्याशिवाय दिवा सोडत नाही. यांतला सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत जास्त वेळा सापडणारा आरोपी हँडब्रेक. सुप्याच्या आसपास खड्ड्यात चाक आदळल्यावर दिवा लुकलुकला आणि दांडा हाताने खाली दाबताच गेला, तर केबल सैल आहे किंवा स्विचची पट्टी वाकली आहे. एक स्क्रू आणि पाच मिनिटं. या पाच मिनिटांआधी ज्याने ब्रेकचे पाइप उघडले, त्याच्या गाडीला पुढे बराच खर्च येतो आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

गतिरोधक ही इकडे मोजायची वस्तू नाही. ते गावागणिक असतात, शाळेगणिक असतात, आणि काही निव्वळ कुणाच्या तरी हौसेखातर असतात. पांढरा पट्टा असेलच असंही नाही. जमिनीला पोट टेकेल अशा बेताने घडवलेल्या गाडीला ते तिरकेच घ्यावे लागतात, आणि हे तिरकं घेणंच आपल्या कामाचं आहे. मास्टर सिलिंडरच्या डोक्यावरच्या अर्धपारदर्शक डबीत एक तरंगता तुकडा असतो, त्याच्या पोटात चुंबक. ऑइल उतरलं की तो उतरतो, खालचा काचेतला बारीक स्विच चुंबकाने जुळतो आणि दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर ब्रेक दाबताच ऑइल पुढे धावतं, वळणावर एका बाजूला जातं, आणि तेवढ्यापुरता दिवा लागून विझतो. म्हणजे गतिरोधकावर लागणारा आणि सपाटीवर विझणारा दिवा ही वायरिंगची खोड नव्हे. डबीत ऑइल कमी आहे एवढं त्याने सांगून टाकलं. ते कमी का झालं, हा पुढचा प्रश्न. पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो, मागे मोकळी झालेली जागा ऑइल भरून काढतं आणि डबीतली पातळी उतरते. एक थेंबही न गळता दिवा लागतो तो असा. नव्या पॅडचं अस्तर साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतं आणि तीनवर आलं की बदलायचं. चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारली की दिसतं. पॅड जाड आहेत आणि ऑइल तरी कमी आहे, असं आढळलं तरच गळती शोधायची: चाकांच्या आतल्या बाजूला, पाइपांच्या सांध्यांवर, आणि जिथे कुणी बघत नाही त्या मास्टर सिलिंडर नि बूस्टरच्या मधल्या फटीत.

यावर रस्त्याकडेच्या प्रत्येक गॅरेजात एकच आक्षेप ऐकू येतो: “ऑइल टाकलं, दिवा गेला, आता अजून काय पाहिजे शेट?” उत्तर पुढच्या पॅड बदलाच्या दिवशी मिळतं. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन मागे ढकलावे लागतात, ते ऑइल परत डबीत येतं, डबी आधीच काठोकाठ, आणि मग ते बॉनेटखालून ओघळत फेंडरवर उतरतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं आणि रंग खातं. लाल रंगाची हौस म्हणून घेतलेल्या गाडीला त्या जागी पत्र्याचा खरा रंग कळतो. याच्या उलट प्रकारही घडतो. घरातलं किंवा इंजिनाचं तेल ‘तेल ते तेल’ म्हणून त्या डबीत गेलं, तर रबरी सील फुगतात आणि ब्रेक एकतर धरून बसतात नाहीतर सोडून देतात. शिंगणापूरच्या शिळेला तेल चालतं. ब्रेकच्या डबीला नाही.

नगर गावात शिरताना थोडं भारावून जायला हरकत नाही. इथल्या वाहननगरात संरक्षण संशोधन संस्थेची वाहन प्रयोगशाळा आणि तिच्या चाचणीपट्ट्या आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२६व्या नियमात, नव्या वाहनाचा नमुना ज्यांच्याकडून तपासून घ्यायचा त्या मोजक्या संस्थांत तिचं नाव आहे. १९९४ पासूनच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टवर बांधलेली चिलखती मोटार उभी आहे. तिच्या चालकाला कोणताही दिवा काहीही सांगत नसे. जे काही कळायचं ते समोरच्या भिंतीकडून कळायचं. एवढ्या विद्वान गावात दुसरा आक्षेप घेतला जाणार हे ओघानेच आलं: रस्त्यावर दिव्याची मनधरणी कशाला, स्कॅनर लावा. अडचण अशी की मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर इंजिनाच्या धुराशी संबंधित नोंदी वाचायला केलेले असतात. अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांवर सक्तीचा झालेला सॉकेट त्यासाठीच आहे. एबीएसच्या नोंदी वेगळ्या पेटीत असतात आणि त्याहून जुन्या गाडीत तर दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडून दिवा किती वेळा मिचकतो ते मोजायचं असतं. शिवाय स्कॅनर चाकाचं नाव सांगतो, कारण सांगत नाही. ‘मागचं डावं चाक’ एवढं वाचून सेन्सर मागवणाऱ्याला सेन्सर येतो; दिवा जात नाही.

एबीएसचा पिवळा दिवा किल्लीबरोबरच लागून राहिला तर दोष बहुधा फ्यूज, रिले किंवा त्या पेटीत. गाडी हलल्यावर, ताशी दहा-वीस किलोमीटरच्या घरात गेल्यावर लागला तर चाकांकडे बघायचं, कारण तेव्हाच ती पेटी चारही चाकांचे हिशेब जुळवायला बसते. १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासपासून मोटारींत रुळलेल्या या पद्धतीत चाकाशी दातेरी कडं असतं आणि त्याच्यासमोर चुंबकी सेन्सर. जुना सेन्सर जात्याच मंद: चाक हळू फिरलं की त्याचा आवाज क्षीण होतो. त्यात सेन्सरच्या टोकाला डिस्कची लोखंडी भुकटी चिकटलेली किंवा कड्याखाली गंज धरलेला असेल, तर गाडी थांबता थांबता शेवटच्या दोन हातांत पेडल पायाखाली कर्रकर्र करू लागतं, जणू बर्फावर आलोत. हा दोष हायवेवर सापडत नाही. तो सापडतो गळीत हंगामात, दोन ट्रॉल्या ऊस ओढत रस्त्याच्या मधोमध निघालेल्या ट्रॅक्टरच्या मागे, जिथे पाच किलोमीटर थांबत-सरकत जावं लागतं. ताशी अडीचशेच्या दमाची गाडी ताशी आठने चालवायची वेळ आली की मालक करवादतो. खरं तर कुठल्याही कार्यशाळेत मिळणार नाही अशी मंदगती चाचणी त्याला फुकट मिळत असते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो हे खरं. आपला लागलेला असतोच.

नगर-पाथर्डी रस्त्याने निघालं की शहा डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. सगळे त्याला तेच म्हणतात. तो मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याचा मकबरा आहे. ब्रेकच्या दिव्याचंही काही गाड्यांत असंच आहे. कित्येक जुन्या जपानी गाड्यांत अल्टरनेटरमधला डायोड गेला की बॅटरीच्या दिव्याबरोबर ब्रेकचा दिवाही मंद पेटतो, कारण बल्ब तपासण्याची वायर दोघांची एकच. तेव्हा हे दोन दिवे जोडीने दिसले तर पॅड उघडण्याआधी बॅटरीवर मीटर लावावा: इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. बाराच्या खाली घसरलं, तर ब्रेकमिस्त्री नको, वायरिंगवाला हवा.

आता करंजीचा घाट, आणि सगळ्यात रास्त आक्षेप: ब्रेकबद्दल शंका असताना घाटात गाडी घालायची म्हणजे अक्कल गहाण टाकणं नव्हे का? नव्हे कसं, आहेच. म्हणून घाटाआधी सपाटीवर, रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरायचं. टणक राहिलं तर पुढे. हळूहळू खाली गेलं तर मास्टर सिलिंडरची आतली सीलं गेली. यात बाहेर थेंब गळत नाही, डबीतलं ऑइल कमी होत नाही आणि दिवाही लागत नाही. लाल दिवा ठाम पेटलेला असेल, किंवा लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले असतील, तर घाट दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. दोन्ही लागले म्हणजे मागच्या चाकांचा ब्रेक आवरणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते आणि उताराच्या वळणावर मागचं टोक पुढे यायला बघतं. नुसता पिवळा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. एबीएस नसलेल्या गाड्या याच घाटातून वर्षानुवर्षं उतरल्या आहेत.

मात्र घाटातला खरा धोका या दिव्याला दिसतच नाही, आणि दिव्याचं एवढं कौतुक करून झाल्यावर हे सांगणं भाग आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी शोषलं की ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. स्पोर्ट्स कार पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असते, मालकाला ती ‘जपलेली’ वाटते आणि डबीतलं ऑइल सावकाश पाणी पीत बसतं. मग उतारावर सतत ब्रेक दाबल्यावर कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं खाली जातं, आणि डबी काठोकाठ असल्यामुळे दिवा निवांत विझलेला राहतो. ट्रकवाले ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात ते उगीच नव्हे. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं तर ही वेळ बहुधा येत नाही. पण दिवा लागत नाही तोवर डबी उघडायची कशाला, असं म्हणणारेच जास्त.

घाट उतरून तिसगावला थांबल्यावर चहाआधी चारही चाकांजवळून हात फिरवावा, डिस्कला न लावता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा तापलं असेल तर तिथला पिस्टन गंजून अडकला आहे आणि तेवढा पॅड एकटाच झिजतो आहे. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, टपरीवाल्याने प्रेमाने बादली पुढे केली तरी. जवळच मढीला कानिफनाथाच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, आणि तिथे गिऱ्हाईक जनावराचं तोंड उघडून दात बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. मोटारवाले तेवढे चाक उघडायला का कू करतात.

कंपनीच्या शोरूमला नेऊ म्हणणाऱ्यांना कुणी अडवत नाही, पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा नंबर टाकल्यावर तिथला संगणकही जरा घुटमळतो. रस्त्यावरचा मिस्त्री जीप नि ट्रॅक्टरवर हात बसलेला असला तरी ब्रेक त्याला कळतात. त्याला नीट सांगावं: सपाटीवर विझतो, गतिरोधकावर लागतो, पेडल टणक आहे, पुढचं डावं चाक तापतं. एवढ्यावर तो निम्मं काम बोलता बोलता उरकतो. “दिवा तेवढा घालवून द्या” असं मात्र त्याला सांगू नये. तो घालवून देतो.